मी वाचलेला रिपोर्ट

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे आजही मान वर करून सांगतो. इंग्रजी कागद आला की आधी माझ्या हातात यायचा. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, स्कॅनचा रिपोर्टही मीच उघडला. डॉक्टर दोन दिवसांनी भेटणार होते. तोवर थांबायला हवं होतं.

आबा उचगावात दोन म्हशी पाळायचे. रोज पहाटे त्या कोल्हापुरातल्या दूधकट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकांसमोर धार काढायचे. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली, त्यात यकृतावर गाठ दिसली, मग हा स्कॅन. रिपोर्टात कॅन्सरचा दाट संशय लिहिला होता. खाली आणखी एक ओळ होती, खात्रीसाठी एमआरआय करावा. ती मी वाचली, पण सांगितली नाही. असं सगळेच लिहितात, एवढं कळतं आपल्याला, असं वाटलं.

"काय म्हणतोय कागद?" आबांनी विचारलं.

"लिव्हरचा कॅन्सर हाय."

ते उठून गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याच्या पाव्हण्यांना बोलावून दोन्ही म्हशी देऊन टाकल्या. माझ्यामागं ह्यांचं कोण करणार, तू तर खुर्चीवरचा माणूस, म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं. थोरली म्हैस टेम्पोत चढेना. शेवटी आबांनी हाक मारली, तेव्हा चढली.

डॉक्टरांनी करायला लावलेल्या एमआरआयमध्ये ती रक्तवाहिन्यांची साधी गाठ निघाली. अशी गाठ कधीकधी स्कॅनवर कॅन्सरसारखीच दिसते, डॉक्टर म्हणाले. औषधसुद्धा नको होतं. आई तिथंच रडली.

मी म्हशी परत आणायला गेलो. थोरलीनं परक्या हाताला धार दिली नव्हती, म्हणून पाव्हण्यांनी तिला बाजारात विकलं होतं. दिलेलं जनावर परत मागतात व्हय, असं म्हणून त्यांनी धाकटीही सोडली नाही.

आबा अजून पहाटे उठतात, कट्ट्यावर जातात, दुसऱ्यांच्या म्हशींना थोपटतात. मला ते कधी बोलले नाहीत. एकदाच मी सोबत गेलो होतो, तेव्हा तिथून परत येताना म्हणाले, "कागदात एवढंच लिवलंतं का रं?"

मी व्हय म्हणालो.

रिपोर्ट माझ्या कपाटात आहे. ती शेवटची ओळ मी त्यांना अजून वाचून दाखवलेली नाही.