बसवणारा वेगळा, तपासणारा वेगळा

श्रीमती कुंदाताई गजभिये यांना मी प्रथम पाहिलं ते गुडगावातल्या एका अर्धवट इमारतीच्या तळघरात. बाहेर शेतांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहत होते आणि ‘हरित इमारत’ हा शब्द नुकताच कानांवर येऊ लागला होता. मी नवशिका इंजिनिअर. आडनाव ऐकून ताई म्हणाल्या, “अच्छा, मराठी! मग इकडे ये, या जाळीपाशी हात धर. हवा कुठे जातेय?”

हवा आत येत होती. जाळीमागच्या पंख्याने ती बाहेर फेकायला हवी होती.

ताई नागपूरच्या, वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे दिल्लीकर झालेल्या. इमारत ताब्यात देण्याआधी तिची यंत्रं ठरल्याप्रमाणे चालतात का, हे पाहणाऱ्या चमूच्या त्या प्रमुख होत्या. अशा चमूत मालकाचा माणूस असतो, आराखडा करणारे असतात, यंत्रं बसवणारे असतात. प्रमुख मात्र यांच्यापैकी कुणाचाच मिंधा नसावा आणि असं काम त्याने आधी केलेलं असावं, यावर ताईंचा कटाक्ष असे.

बिल्डर त्यांना म्हणाले, “मैडम, पंखे चल तो रहे हैं। किराएदार रुके हैं, साइन कर दीजिए।”

“उलटे चल रहे हैं। जनरेटर का धुआँ नीचे ही रह जाएगा।”

ताईंना काढलं गेलं. पंखे बसवणाऱ्या कंपनीच्याच इंजिनिअरला प्रमुख केलं गेलं आणि त्याने स्वतःचंच काम पास केलं.

उन्हाळ्यात वीज गेली, जनरेटर सुरू झाले, तळघर धुराने भरलं. जनरेटर चालवणारा रामकेश त्यात गुदमरून गेला. मी ताईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्याच्या घरी जाऊ. तू चल.”

खोलीत बायका बसल्या होत्या. ताईंनी आपण कोण ते सांगितलं. रामकेशच्या पत्नीने, सुनीताने, मान वर केली.

“मैडम, आपको पता था?”

“हाँ,” ताई म्हणाल्या. “पता था।”

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, “मी नुसती बाजूला झाले रे. खाली काम करणाऱ्यांना सांगायला हवं होतं.”

चौकशीत ताईंनी सगळं सांगितलं. कोर्टाच्या तारखांना त्या सुनीताबरोबर जात राहिल्या. शिक्षा झाली ती फक्त त्या इंजिनिअरला. बिल्डर सुटले. ताईंकडे मात्र कामं येईनाशी झाली. “मैडम झंझट करती हैं” एवढी ख्याती पुरेशी होती. त्या कडवट वर्षांत त्या आम्हा तरुणांना घरी बोलावून शिकवत, जेवायला घालत. त्या तळघराविषयी मात्र कधी बोलत नसत.

पुढे जी थोडी कामं मिळाली, त्यांत यंत्र चालवणारा माणूस पहिल्या बैठकीपासून चमूत असायचा. सर्वांसमोर त्या त्याला सांगत, “गड़बड़ दिखे तो मशीन बंद करना। किसी से पूछना मत।” मालकांच्या कपाळाला आठ्या पडत. ताई पाहून न पाहिल्यासारखं करत.

ताईंनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. रामकेशला त्या वाचवू शकल्या नाहीत, हे दुःख कुठल्याही सत्काराने हलकं होणार नाही. आम्ही तसा प्रयत्नही करत नाही. ताई, उदंड जगा, धडधाकट राहा. नोएडापासून फरीदाबादपर्यंत आजही अशी माणसं आहेत, जी तुम्ही येणार म्हटलं की आपलं काम पुन्हा एकदा तपासून घेतात.