लाल ताऱ्याचं ग्रहण आणि वहिनीचं बाळ

आधीच सांगते, भूत, भानामती, चकवा यातलं मी काहीही मानत नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास. हे मी मिरवते आणि मिरवणारच. म्हणून तर खालचं लिहायला लाज वाटतेय... पण घडलंय ते असं.

आमचं घर डाळजला, पुणे-सोलापूर हायवेपासून जरा आत, उसाच्या रानात. मी बारामती एमआयडीसीत दूध तपासायच्या लॅबमध्ये आहे. सुट्टीला लॅपटॉपवर ताऱ्यांचे आलेख बघते. अंतराळातल्या दुर्बिणीचा डेटा इंटरनेटवर सगळ्यांना खुला असतो, आमच्यासारखे हौशी लोक तो चाळतात. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड किंचित कमी होतो, आलेखात खड्डा पडतो. लाल बटू तारे मुळात लहान, त्यामुळं पृथ्वीएवढा खडकाळ ग्रह आडवा गेला तरी तो खड्डा दिसतो.

अशाच एका जवळच्या लाल ताऱ्याच्या आलेखात मला दोन खड्डे सापडले. अगदी सारखे. मी ओरडलेच! चहा पिताना आईला समजेल असं सांगितलं, "त्या ताऱ्याला ग्रहण लागतं गं, छोटंसं."

इथंच चुकलं. आमच्याकडं ग्रहण कडक पाळतात. आणि रेश्मावहिनी सातव्या महिन्यात. आधीचं एक पोटातच गेलेलं.

"म्होरलं कवा हाय?" आईनं विचारलं.

मी पण शहाणी, हिशोब करून सांगितलं — रविवारी दुपारी.

"येध कवापास्नं लागत्यात?"

"आई, तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसत पण नाही! त्याचा आपला काय संबंध?"

"संबंध न्हाय तर सुट्टीच्या दिशी त्याच्याकडं बघत कशाला बसतीस? लगीन लावून दिऊ का त्याच्यासंगं?"

रविवारी दुधावर तुळशीचं पान पडलं, विळी माळ्यावर गेली, वहिनी भिंतीला टेकून बसली. मी हसत होते. वेळ झाली आणि वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, हालंना झालंय."

तासाभरानं लाथा सुरू झाल्या. बाळ झोपलं असेल, म्हटलं. वेळ तिला माहीत होती, भीतीनं माणसाला काहीही वाटतं.

पुढचं ग्रहण अजून लांब होतं. मी लॅबमध्ये नमुने लावत होते, तेवढ्यात वहिनीचा फोन.

"वन्सं, आज काय हाय का?"

"आज कुठलं काय?"

"पुन्ना तसंच झालंय वो..."

दादानं तिला भिगवणला दवाखान्यात नेलं. मी स्कूटीवर बारामतीहून निघाले. पोचले तोवर बाळ हलायला लागलं होतं. ठोके उत्तम, सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हालचाल कमी वाटली की असंच लगेच यायचं."

घरी येऊन लॅपटॉप उघडला. का उघडला, माहीत नाही. माझ्या दोन खड्ड्यांच्या बरोब्बर मधे डेटाच नव्हता. त्या वेळात दुर्बीण जमवलेली माहिती पृथ्वीकडं पाठवत होती. म्हणजे मधे तिसरा खड्डा असता, तरी मला दिसला नसता. ग्रहाची फेरी मी समजत होते त्याच्या निम्म्या वेळात होत असेल तर? हिशोब मांडला... एक ग्रहण वहिनीच्या फोनच्या वेळेवरच पडत होतं. पुढं नवा डेटा आला, त्यात मधले खड्डे होतेच.

मलाच माहीत नसलेली वेळ वहिनीला कोण सांगणार? आणि तो उजेड तरी कधीचा? तिथून निघाला तेव्हा वहिनी तिच्या माहेरी शाळेत जात होती!

आईला मी खोटंच सांगितलं — चुकलं माझं, ग्रह-बिग्रह काही नाही तिथं. पण पुढच्या सगळ्या वेळा मला पाठ झाल्या. त्या त्या वेळी काहीतरी निमित्त काढून मी वहिनीजवळ बसायची. दर वेळी तिचा हात पोटावर जायचा, बाळ हलायचं थांबायचं. दवाखान्यात न्यायचो, तोवर सगळं ठीक.

मुलगी झाली. गुटगुटीत, रडकी. त्यानंतरचं पहिलं ग्रहण सकाळचं होतं. मी रजा टाकून पाळण्याशी बसले. वहिनी आली, माझ्याकडं बघत राहिली.

"आज बी हाय न्हवं?"

मी कुणाला काही बोलले नव्हते. "हाय," माझ्या तोंडून निघालं.

"तुमचं तोंड बघूनच कळायचं मला. सासूबाईस्नी न्हाय सांगितलं." तिनं मुलीला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा. माझी एकटीची छाती धडधडती."

मुलगी गाढ झोपलेली. पोट वर-खाली होत होतं. वेळ सुरू झाली... होतच राहिलं. वेळ सरली, तरी आम्ही दोघी हललो नाही.

पोटात असताना ती का थांबायची, आणि आता का थांबत नाही? कुणाला माहीत असेल तर सांगा, पण विज्ञानातलं सांगा. ती झोपली की मी अजूनही तिच्या नाकाशी बोट धरून बघते. ग्रहण असो, नसो.