माझ्या वर्तणुकीची चौकशी

नगरच्या कोर्टात वकिलीत जरा स्थिरावल्यावर मला नोटरी व्हावंसं वाटू लागलं. कापडबाजारातली एखादी हुंडी नाकारली गेली की तसा सरकारमान्य दाखला लागायचा, आणि तो द्यायला गावात कुणी नव्हतं. काय काय लागतं ते माझ्या वरिष्ठांनी सांगितलं. वकिलीची सनद हवी, कामाचा अनुभव हवा, नोटरीची गरज असल्याचं व्यापाऱ्यांनी लिहून द्यायला हवं, आणि अर्जदार सचोटीचा आहे का, हे पोलिसांनी शेजारीपाजारी विचारायला हवं. हे शेवटचं मला सगळ्यात सोपं वाटलं. माझा जन्मच त्या गल्लीतला.

व्यापाऱ्यांना ‘नोटरी’त फक्त नोट ऐकू आली. लढाईमुळे चिल्लर मिळेनाशी झाली होती आणि नोटा हातोहात फिरून फाटत होत्या. एका कापडवाल्याने माझ्याकडून सगळा कायदा शांतपणे ऐकून घेतला, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी फाटक्या नोटा बदलून घ्यायला नोकराला माझ्याकडे धाडलं.

मी अर्ज पाठवला. मग एका दुपारी, मी कोर्टात असताना, हवालदार चौकशीला आले. बेचाळीसची धरपकड अजून लोकांच्या डोळ्यांपुढून गेली नव्हती. पोलीस माझं नाव घेतोय म्हटल्यावर गल्लीने काय समजायचं ते समजून घेतलं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी मला मुळाक्षरं शिकवली होती. त्यांनी या नावाचा माणूस ऐकलाच नसल्याचं सांगितलं. केडगावहून दूध घालायला येणारी बाई म्हणाली, तो कवाच काशीला गेला. मागच्या दाराने निरोप पोचला होताच, त्यामुळे माझ्या आईने हवालदारांना पाणी दिलं आणि आपल्याला मूलबाळच झालं नाही असं सांगितलं.

संध्याकाळी परतलो तर दारावरची माझी पाटी गायब. मास्तरांनी हाताला धरून मला आत ओढलं आणि दौंडची गाडी गाठायला सांगितलं. चौकशी मीच मागवली होती हे कळल्यावर त्यांनी माझा हात सोडला.

“आधी बोलायचं नाहीस का रे?” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकीवर गेलो. हे हवालदार मला चांगले ओळखत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी त्यांची उलटतपासणी घेतली होती. मी म्हटलं, हा काय मी तुमच्यासमोर उभा आहे.

“तुमी हायेत की, वकीलसाहेब,” ते समजुतीने म्हणाले. “पन चौकशीत न्हाई.”

माझ्या विनवणीवरून ते पुन्हा आले. या वेळी सगळी गल्ली स्वच्छ कपडे घालून ओट्यावर बसली होती. प्रत्येकाने माझी इतकी स्तुती केली की मला तिथे थांबवेना. आईने तर जन्मवेळही सांगितली. परवा ओळखत नव्हता आणि आज ओळखता, हे कसं लिहू, असं हवालदारांनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, उभ्या जन्मात आपण एकदाच खोटं बोललो, ते परवा. हवालदारांनी बराच विचार करून लिहिलं: शेजाऱ्यांचा अर्जदारावर लोभ आहे, परंतु शेजारी विश्वासू नाहीत.

अर्ज परत आला. ज्यांचा माझ्यावर लोभ नाही अशा दोन इसमांचे दाखले जोडावेत, असा शेरा होता.

पहिला दाखला कोर्टात माझ्याशी हटकून भांडणाऱ्या एका वकिलांनी आनंदाने दिला. दुसऱ्यासाठी मी कोल्हारला गेलो. तिथले एक बागाईतदार बांधाचा दावा माझ्यामुळे हरले होते. मी का आलो ते सांगितल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“लई वंगाळ मानूस हाय तुमी,” ते म्हणाले. “पन कोर्टात खोटं बोलला न्हाई. ल्ह्या तसंच.”

मी तसंच लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला आणि उन्हाचं उपाशी जाऊ नका म्हणून जेवायला वाढलं. जेवताना, तो दावा मी न्यायाने जिंकला होता की नाही, एवढाच विचार माझ्या मनात येत राहिला.

पुढे नेमणुकीचा हुकूम आला. मास्तरांनी गल्लीत पेढे वाटले, पण न जाणो पुन्हा चौकशी झाली तर, म्हणून कशाचे, हे कुणालाच सांगितलं नाही.