वच्छीच्या वर्गातले पेले

शेवटच्या भेटीत वच्छी माझ्यावर वैतागलीच. घाटकोपरला भावाच्या घरी ती अंथरुणाला खिळलेली, आणि मी आपली काहीतरी करायचं म्हणून तिच्या उशाशी असलेल्या औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे ओळीने लावून ठेवल्या. ती मान वळवून बघत राहिली आणि म्हणाली, "सुमे, उंचीचं काय लोणचं घालायचंय? सकाळच्या इकडे लाव, संध्याकाळच्या तिकडे. वहिनीला पटकन सापडायला नकोत का?" एवढं बोलून तिला धाप लागली. मी हसून बाटल्या पुन्हा लावल्या... आणि आठवडाही गेला नाही तोच तिचा भाऊ मुलुंडला माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. आता महिना उलटून गेला, तरी मला रडू कमी आणि राग जास्त येतो. पंचेचाळिशीसुद्धा न गाठता जायचं म्हणजे काय!

वच्छी म्हणजे वत्सला, माझी शाळेपासूनची मैत्रीण. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा तिने मुलुंडला तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी वर्ग काढला. आमच्या चाळीचे मालक अप्पा यांनी आपल्या घरापुढची ओटी सकाळपुरती दिली, कारण त्यांची नात बेबी ही वर्गातली पहिली मुलगी. मी मदतीला जायची, म्हणजे खरं तर मुलांची नाकं पुसायला. वच्छी सतरंजीवर एक मोठी टोपली उपडी करायची. चिंचोके, शिंपले, बटणं, बाटल्यांची बुचं, जुन्या किल्ल्या, मोडका अडकित्ता, काय वाटेल ते त्यात असे. "जे एकत्र राहतात, त्यांना एकत्र बसवा," एवढंच ती सांगे. मग कोणी रंग बघून ढीग करी, कोणी आकार बघून. एका मुलाने किल्ली आणि अडकित्ता शेजारी ठेवले. मी म्हणणार होते, "अरे, हे कसं?" तेवढ्यात वच्छीने मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि त्याला कारण विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही आजीच्या कनवटीला असतात." वच्छी इतकी खूश झाली की तिने तो ढीग दिवसभर मोडू दिला नाही. मुलाला चूक म्हणायचं नाही, कारण विचारायचं, हा तिचा नेम. मला तेवढा धीर नव्हता, अजूनही नाही.

आयांचा धीर तर त्याहून कमी. सावंतवाडीकडची एक बाई एकदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, माझ्या झिलाक ग म भ न कधी शिकवतलात? चिंचोके निवडूचे तर आमच्या घरात काय कमी आसत?" वच्छी शांतपणे म्हणाली, "अक्षरं म्हणजे तरी काय हो? हे त्याच्यासारखं आहे आणि हे त्याच्यासारखं नाही, एवढं दिसायला लागलं की अक्षरं आपोआप येतात." बाईला ते पटलं नाही, पण झील मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर.

वर्गात यशवंत नावाचा एक मुलगा होता. त्याची आई त्याला रुळांपलीकडच्या वस्तीतून आणून सोडायची. त्या वस्तीतली माणसं कोण, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाशीव कायद्याने गेली होती, आमच्या चाळीतून गेली नव्हती. मुलं पाण्यासाठी घरून आपापला पेला आणत. बेबीची आजी घरातल्या घड्यातलं पाणी आणून द्यायची, यशवंताच्या पेल्यात मात्र वरून ओतायची, आणि तो पेला ओटीवर नाही, पायरीवर ठेवायला लावायची. वच्छी आजीशी दोनदा बोलली होती. आजी म्हणाली, "पाणी देत्येय ना? मग?"

एक दिवस टोपलीऐवजी वच्छीने सगळ्यांचे पेलेच मधे ठेवले. बेबी पुढे आली आणि तिने भराभरा दोन वाटे केले. एकीकडे सगळे पेले. दुसरीकडे एकच, पितळेचा, यशवंताचा. वच्छीने नेहमीप्रमाणे विचारलं, "हा एकटा का गं?"

"तो वेगळाच ठेवायचा असतो," बेबी म्हणाली. तिच्या आवाजात काही दुष्टपणा नव्हता, पाठ केलेली गोष्ट सांगावी तसं तिने सांगितलं. मी यशवंताकडे बघितलं. मला वाटलं, आता हा रडणार. तो उठला, आपला पेला उचलला आणि पायरीवर नेऊन ठेवला. "ताई, माझा तिथे असतो," तो म्हणाला. बेबीची चूक त्याने आपल्या हाताने दुरुस्त केली होती.

वच्छीने पायरीवरचा पेला आणून पुन्हा सगळ्यांत मिसळला. "आता दुसऱ्या तऱ्हेने वाटे करा. कोण कोणासारखं दिसतं ते बघून." ॲल्युमिनियमचे ॲल्युमिनियमजवळ गेले, जर्मन सिल्व्हरचा एक होता तो एकटा राहिला, आणि पितळेचे दोनच निघाले. एक बेबीचा, एक यशवंताचा. तीच उंची, तोच काठ. "आता यातला तुझा कोणता?" वच्छीने विचारलं. बेबी दोन्हीकडे आळीपाळीने बघत बसली. दोन्हींवर नावं घातलेली होती, पण तिला कुठे वाचता येत होतं? शेवटी तिने एक उचलला. यशवंताने दुसरा घेतला. दोघं पाणी प्याली आणि पेले घेऊन घरी गेली.

दुपारी आजीने बेबीच्या पेल्यावर यशवंताच्या बापाचं नाव वाचलं आणि चाळ डोक्यावर घेतली. मी वच्छीला नंतर कितीदा तरी विचारलं, "तुला तर वाचता येत होतं की गं! मुद्दाम केलंस ना?" ती दरवेळी म्हणायची, "मला बेबीने कुठे विचारलं?" यापलीकडे तिने कधी उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी अप्पा आले. माणूस वाईट नव्हता, पण बायकोपुढे त्यांचं काही चालत नसे. "बाई, त्या एका मुलाला उद्यापासून नका बोलावू. बाकी वर्ग खुशाल चालवा." मी मनात म्हटलं, वच्छे, हो म्हण. एका मुलासाठी सगळ्या वर्गाची वाट लावू नकोस. ती म्हणाली, "अप्पा, ओटी तुमची आहे. मुलं माझी आहेत." झालं. टोपली काखेत मारून ती ओटी उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळीच यशवंताची आई बेबीचा पेला चिंचेने लख्ख घासून घेऊन आली. अप्पांच्या घरात तो कोणी परत घेईना, म्हणून तो वच्छीकडेच राहिला.

पुढचे महिने फार वाईट गेले. वर्ग मैदानातल्या आंब्याखाली भरायचा, मुलं निम्म्याहून कमी. मी तिच्याशी कडाकडा भांडले. ती भांडली नाही. फक्त एकदा म्हणाली, "सुमे, बेबीचं मला काही वाटलं नाही. तिला कोणीतरी शिकवलं, आपण दुसरं शिकवू. पण त्याने स्वतः उचलून नेला गं... चार वर्षांचं पोर." एवढंच बोलून ती ढसाढसा रडली. तिला तसं रडताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर मी भांडणं सोडलं आणि जागा शोधायला लागले. पुढे एका वखारीच्या मागची पत्र्याची शेड मिळाली. पावसाळा संपल्यावर एका सकाळी बेबीची आई तिला घेऊन आली. "सासूबाई देवळात गेल्यात, तेवढ्यात आणली," म्हणाली. सासूबाईंची भक्ती त्या वर्षी बरीच वाढली असावी, कारण बेबी पुढे रोज येत राहिली.

वर्ग अजून त्याच शेडमध्ये भरतो. आता एक तरुण मुलगी शिकवते, वच्छीनेच तयार केलेली. परवा मी धीर करून गेले. सतरंजीवर ढीग पडलेले होते, गोंगाट होता, आणि मला उगीचच वाटलं की वच्छी आता आतून ओरडेल. पाण्याची वेळ झाली. घरून पेला आणायची पद्धत आता नाही, एका फळीवर सगळे मांडलेले असतात. हाताला येईल तो घ्यायचा, पाणी प्यायचं, विसळून परत ठेवायचा. मला ठसका लागलेला बघून एक चिमुरडी पेला भरून घेऊन आली. मी सहज विचारलं, "कोणाचा गं हा पेला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढी मोठी बाई आणि हिला साधं कळत नाही.

"पाण्याचा," ती म्हणाली.