ताईच्या रंगाबद्दल बोलायचं नाही

आमच्या घरात कोणाच्या रंगाबद्दल बोलायला बंदी होती. बाबा मार्केट यार्डात हमालांच्या संघटनेचं काम करायचे आणि पत्रकं लिहायचे. त्या पत्रकांवरच मी अक्षरं गिरवली. रंगावरून माणूस तोलणारा जातीवरूनही तोलतो, हे मला पाढ्यांआधी पाठ होतं.

म्हणून हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत जाणारी ताई काळवंडत गेली, तेव्हा आम्ही बाणेदारपणे गप्प बसलो. वारज्याची आत्या म्हणाली, "अगं, पोरीचा पार कोळसा झालाय की!" मी असं भाषण ठोकलं की ती अर्धा चहा टाकून निघून गेली. बाबांनी मला टाळी दिली.

ताई मात्र वाळत चालली होती. थायरॉइड कमी निघाला म्हणून गोळी सुरू झाली, तर ती आणखीच ढेपाळली. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. मीठ लावलेल्या कैऱ्यांशिवाय काही खाईना. "कंपनी रक्त पितेय," हे बाबांचं निदान. त्यावरही पत्रक निघणार होतं!

एका सकाळी ती कंपनीच्या बसच्या पायरीवरच कोसळली. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रंग पहिल्यापासून असाच?"

बाबा ताठ झाले. "आमच्यात रंग बघत नाहीत."

"मी स्थळ घेऊन आलेली नाही, काका. मला बघावाच लागतो."

ताई डोळे न उघडता पुटपुटली, "काळी पडलेय हो मी. यांच्यापुढे बोलायची सोय नाही."

बाईंनी तिचा तळहात उलगडला. रेषा काळ्या, हिरड्याही काळसर. रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता सलाइन लावून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. मग म्हणाल्या, "शरीराची राखण करणाऱ्या पेशीच हिच्या ग्रंथींवर उलटल्यात. आधी थायरॉइड, आता मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी. या दुसऱ्या बिघडल्या की रंग असा काळवंडतो, खारट खावंसं वाटतं. त्या थकलेल्या असताना नुसती थायरॉइडची गोळी दिली, की माणूस असा कोसळतो. एक ग्रंथी बिघडली की बाकीच्यांचीही चौकशी करायची असते. आता साखरही बघू."

दुसऱ्या दिवशी ताई उठून बसली. स्वतःची इडली खाल्ली, मग माझी, मग बाबांची. मग कठडा न धरता उभी राहिली.

"अंधारी आली नाही!" ती ओरडली. "अहो बाबा, आलीच नाही!"

गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, हे आम्हाला सांगून झालं होतं. तरी बाबांनी भर वॉर्डात फुगडीला हात पुढे केले आणि आम्ही तिघं हसत सुटलो. सिस्टर धावत आल्या. "अहो, यातलं पेशंट कोण आहे?"

आम्ही तिघांनीही हात वर केले.