काउंटरवरची उघडी वही

लॉजच्या काउंटरवर नोंदवही सताड उघडी होती. मी नुकतंच तिच्यात नाव, पत्ता, मोबाइल आणि खोलीचा नंबर लिहिला होता. खाली माझ्या मुलीचंही नाव. तेवढ्यात एक टॅक्सीवाला आला, त्या पानाचा फोटो काढून निघूनही गेला. मॅनेजर नुसता बघत होता.

"अहो, हे काय?"

"रोजचंच आहे मॅडम. फिरायला गाडी हवी का, विचारायला फोन करतो तो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता खोलीत जाऊन मी कडी लावणार, पडदे ओढणार, ते कुणापासून? वही भरायची सक्ती आहे. ती झाकायची मात्र कुणाला पडलेली नाही.

"मालकांचा नंबर द्या."

मॅनेजर एकदम ताठ झाला. "तो असा कुणालाही देत नाही आम्ही."