माल दुसऱ्या दारानं

वणीत आमच्या घरात पांढरं काही पांढरं राहायचं नाही. बाबा खाणीवर ट्रकांमध्ये कोळसा भरायचे, आई कापूस वेचायला जायची. दोघंही शाळेत गेलेले नाहीत. गाड्यांच्या नंबरांमुळे बाबांना आकडे तेवढे कळायचे. दप्तर परवडायचं नाही, म्हणून युरियाच्या धुतलेल्या पिशवीत पुस्तकं घालून मी शाळेत गेले, आणि त्याच घरातून बी.एस्सी. झाले. आमच्या खानदानात पहिली.

मग नागपूरच्या एका कंपनीनं चाचणी म्हणून घरूनच करायचं काम दिलं. तयार वेबसाइटच्या फाइली दुपारी चारच्या आत सर्व्हरवर चढवायच्या. चढल्या तर नोकरी.

सकाळपासून एकच रडगाणं. लॉगिन व्हायचं, पण फोल्डरची यादी यायची वेळ आली की सगळं अडायचं आणि कनेक्शन तुटायचं. पासवर्ड पुन्हा टाकला, राउटर बंद करून चालू केला. कंपनीत विचारायची लाज वाटत होती. पहिल्याच दिवशी अडली म्हणतील.

आईनं भाकर थापता थापता ऐकवलंच, "पंधरावी शिकली, अन् एक फाइल चढवता येऊन नाही राह्यली."

बाबा जेवायला घरी आले होते. माझ्या मागे उभे राहून त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, हा एकवीस काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, सर्व्हरच्या दाराचा नंबर.

"मंग माल बी याच दारातून जाते काय?"

"नाही बाबा, मालाचं, म्हणजे यादीचं अन् फाइलींचं, दार वेगळं. त्याच्यासाठी सर्व्हर आपल्याकडे येते."

"आपल्या बोळीत ट्रक शिरते काय? गेटावर नोंद झाली म्हणजे गाडी भरली असं नसते, पोरी. तो येत नसन त तूच जाय न तिकडं."

मी फाइली चढवायच्या प्रोग्रामची सेटिंग उघडली. तिथं ‘ॲक्टिव्ह’ होतं, आणि ते मीच निवडलेलं. शाळेतल्या इंग्रजीच्या व्याकरणात ॲक्टिव्ह सरळ आणि पॅसिव्ह उलटं, म्हणून इथंही ॲक्टिव्हच चांगलं, असं मी धरून चालले होते. खरं तर ॲक्टिव्हमध्ये सर्व्हर आपल्या दारी येतो, आणि आमचा राउटर त्याला बोळीच्या तोंडाशीच अडवत होता. पॅसिव्हमध्ये आपण त्याच्या दारी जातो.

‘पॅसिव्ह’ केलं. क्षणात फोल्डरची यादी आली, पाठोपाठ फाइली चढू लागल्या. बाबा उभ्याउभ्याच मोजत होते, खाणीवर गाड्या मोजतात तशा. आईनं गरम भाकर माझ्या ताटात आधी टाकली.

चारच्या आत सगळ्या फाइली चढल्या. नोकरी मला मिळाली.